नाक कुणाच्या हाती द्यावं?

माणसाचा चेहरा हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत मोजला तर जेमतेम वीतभर भरतो. पण या वीतभर जमिनीवर आज इतक्या जणांची वहिवाट आहे की सातबारा लिहायला बसलेला तलाठी पेन खाली ठेवील. नाकाच्या आतला पडदा कान-नाक-घसावाल्यांचा. नाकाचा शेंडा प्लास्टिक सर्जनचा. पण कान-नाक-घसावाले म्हणतात, माजघर आमचं तर ओसरी दुसऱ्याची कशी? जबडा मॅक्सिलोफेशियल सर्जनकडे, म्हणजे मूळच्या दातांच्या घराण्याकडे. पापणी डोळ्यांच्या डॉक्टरांची, त्यातही नुसती पापणी शिवणारे वेगळे. वरची कातडी त्वचारोगतज्ज्ञांची, आणि डोक्यावरचे केस कुणाचे यावर अजून तंटा चालू आहे. गालात गाठ सापडली आणि ती वाईट निघाली, तर हेड अँड नेक ऑन्कोसर्जन येतात आणि सगळा गटनंबरच ताब्यात घेतात. मानेवर पुढून थायरॉइडवाल्यांचा दावा, मागून मणक्यावाल्यांचा. या सगळ्यांच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी एक गुलाबी पाटी असते. तिच्यावर डॉक्टरचं नाव नसतं. एक गोरी बाई हसत असते आणि तिच्या गालाकडे बाण काढलेला असतो. ज्याच्यावर खरोखर वेळ आली आहे त्यानं एवढ्या गर्दीतून आपला माणूस शोधून काढायचा.

शोधायची आपली रीत ठरलेली आहे. पहिला प्रश्न, ‘ओळखीचं कुणी आहे का?’ आपल्याकडे ओळखीशिवाय आपण रेशनकार्डावरचं नावसुद्धा बदलायला जात नाही, तर नाक बदलायला कुठून जाणार? मग चुलत नात्यातला एक औषधविक्रेता सापडतो. तो सांगतो, ‘डॉक्टर एकदम साधे आहेत हो, चप्पल घालून फिरतात.’ दुसरा सांगतो, ‘हाताला गुण आहे.’ तिसरा सांगतो, ‘तीन-तीन तास नंबर लागत नाही,’ आणि ही तक्रार नसून शिफारस असते. तरुण पिढी यातलं काही ऐकत नाही. ती मोबाइलवर तारे मोजते आणि ‘आधी’ व ‘नंतर’चे फोटो बघते. वरवर पाहता या रीती वेगवेगळ्या वाटतात, पण सगळ्यांमध्ये मोजली जाते ती डॉक्टरची झळाळी, मग ती साधेपणाची असो, गर्दीची असो नाहीतर फोटोची असो. माझं म्हणणं थोडं उलटं आहे. डोक्यामानेच्या प्लास्टिक सर्जरीचा तज्ज्ञ झळाळीवरून सापडत नाही, तो सापडतो व्रणांवरून: त्याच्या हातचे व्रण कुठे पडले, किती दिसतात, आणि तो त्यांच्याबद्दल बोलतो की नाही यावरून. याला पुरावा आहे. तो पुण्याचा आहे, त्यामुळे त्यावर वाद होईल, पण पुरावा भक्कम आहे.

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. खाली सही नुसती ‘बी. एल.’ अशी. पत्रात कावसजी नावाच्या माणसाची हकीकत होती. नावावरून पारशी वाटेल, पण पत्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतं. इंग्रजांच्या कानाला आपली नावं कशी ऐकू येत हे आपण जाणतो. हा गडी १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापून सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस कुठल्या इस्पितळाचा प्रमुख नव्हता. पत्रात त्याची जात विटा करणाऱ्यांची दिली आहे, आणि पुढच्या अभ्यासकांनी तो कुंभार असल्याचं म्हटलं आहे. त्यानं मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवली, आणि कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवली. ती पट्टी जोडलेली ठेवण्यात सगळी अक्कल होती, कारण रक्त तिच्यातूनच येत होतं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला, नाक नव्या जागी रुजल्यावर, पट्टी कापली. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात कपाळावरून नाक करायचं असेल तर डॉक्टर हेच करतात, पट्टी कापायला साधारण तीन आठवडे थांबतात, आणि या पद्धतीला ‘इंडियन’ म्हणतात. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांना हे पत्र वाचून तसं करून बघायचा धीर यायला वीस वर्षं लागली. त्यांनी पहिलं नाक १८१४ मध्ये केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ: पुण्याच्या इंग्रज वकिलाला हा तज्ज्ञ सापडला कसा? हकीकत अशी सांगतात, की चार्ल्स मॅलेट या रेसिडेंटापुढे एकदा एक कापडाचा व्यापारी आला. त्याचं नाक जरा विचित्र होतं आणि कपाळावर व्रण होता. मॅलेटनं चौकशी केली तेव्हा कळलं की परस्त्रीच्या भानगडीत याचं नाक कापलं गेलं होतं आणि एका कुंभारानं ते पुन्हा करून दिलं. मॅलेटनं त्या कुंभाराला बोलावून घेतलं आणि कावसजीसकट आणखी चौघांची नाकं त्याच्या हाती सोपवली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या व्यापाऱ्याचं नाक इतकं बेमालूम असतं की कुणाला कळलंच नसतं, तर कावसजी मरेपर्यंत नकटा राहिला असता. कुंभाराची जाहिरात केली ती कपाळावरच्या व्रणानं. रोगी दिसत होता, काय बिघडलं होतं ते कळत होतं, ते कुठून आणून दुरुस्त केलं हेही दिसत होतं, आणि त्याची किंमत कपाळावर उघड लिहिलेली होती. आजच्या फोटोत यातलं एकही नसतं. फोटोत रोगी अनोळखी असतो, ‘आधी’च्या वेळी खालून उजेड आणि उतरलेलं तोंड, ‘नंतर’च्या वेळी समोरून उजेड, लिपस्टिक आणि हसू. नाकाचा बदल किती आणि हसण्याचा किती हे सांगायला ज्योतिषी लागेल.

त्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ते वाचून मराठी माणसाला हसू यावं की रडू यावं हे कळत नाही. नवी कातडी जागच्या जागी राहावी म्हणून कुंभारानं तिच्यावर काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर लावून थरावर थर बसवला. चार दिवस दुसरी कसलीही मलमपट्टी नाही; नंतर तुपात भिजवलेलं कापड. म्हणजे आपण पानात जो कात खातो, त्यानं दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाचं नाक जागेवर धरून ठेवलं. आज तोच कात सुपारी, चुना आणि तंबाखूच्या सोबतीनं पुडीत भरला जातो आणि माणसाचा गाल आतून खाऊन टाकायच्या धंद्यात भागीदार होतो. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाल्याला ती माहीत आहे, म्हणून तो पुडी काउंटरखालून देतो. सुपारीनं तोंड आतून आखडत जातं, बोटं शिरेनाशी होतात, आणि पुढे त्यातल्या काहींच्या गालाला किंवा जिभेला कॅन्सर होतो. डोक्यामानेच्या प्लास्टिक सर्जरीचं खरं मोठं काम आपल्याकडे इथे आहे, गुलाबी पाटीखाली नाही. आणि हे काम करणारे लोक फोटो लावत नाहीत, कारण जबडा काढलेल्या माणसाचा ‘आधी’चा फोटो पाटीवर लावला तर शेजारच्या वडापाववाल्याचा धंदा बसेल.

‘प्लास्टिक’ या शब्दानंही शोधाची वाट चुकवली आहे. अजूनही कित्येकांना वाटतं, की गालात कसलीशी पिशवी घालतात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी असूनही सर्जन कसे सुटले, अशी शंका त्यांच्या मनात असावी. वास्तविक हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ घडवणं, चिखलाला आकार देणं. कार्ल फॉन ग्रेफ या जर्मन सर्जननं १८१८ मध्ये नाक घडवण्यावर पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या नावात हा शब्द होता. बेकेलाइट, म्हणजे पहिलं कृत्रिम प्लास्टिक, आलं १९०७ मध्ये. म्हणजे डबे आणि बादल्यांच्या आधी हे नाव सर्जनांकडे होतं, उलट नाही. पुण्याचा कुंभार ग्रीक शिकला नव्हता, पण प्लास्टिक सर्जन या पदवीला आजवर शब्दशः पात्र ठरलेला तोच.

आता पदव्यांचा प्रश्न येतोच, कारण कुणी विचारेल की तुम्ही काय आम्हाला कुंभारवाड्यात पाठवता? मुळीच नाही. पदवी बघावीच, आणि तिचा हिशोब सोपा आहे. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, एम.एस. तीन, त्यावर प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. आणखी तीन, जोडीला नशिबाची साथ असली तर एवढ्यात होतं. म्हणजे साडेअकरा वर्षं घालवल्यावर माणूस पाटी रंगवायला मोकळा होतो, आणि त्या पाटीच्या शेजारी तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेला दुसरा बसलेला असतो. चौकट प्रमाणपत्राच्या मानानं मोठी असेल तर सावध व्हावं, हा माझा ठोकताळा आहे. त्याला शास्त्राधार नाही. शास्त्राधार असा आहे: डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की त्या शाखेची खास पात्रता नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहावा. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येतो, आणि त्याला ओळख लागत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं तर २०२२ मध्ये केशरोपणाबद्दल मार्गदर्शन करताना असं लिहून ठेवलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं हे अशा शस्त्रक्रिया सुरू करायला पुरेसं शिक्षण नाही. हे वाक्य लिहायची वेळ येण्याआधी देशात काय काय घडलं असेल याची कल्पना वाचकांनी करावी. सुश्रुतानं शिष्यांना भोपळ्यावर आणि काकडीवर चिरण्याचा सराव करायला सांगितलं होतं. यूट्यूबवाल्यांनी निदान भोपळा तरी आणावा.

पण पदवीवर सगळं भागत असतं, तर हा लेख एका परिच्छेदात संपला असता. सर हॅरोल्ड गिलीज यांना आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानतात. पहिल्या महायुद्धात तोंडं फुटून आलेल्या हजारो सैनिकांवर त्यांनी काम केलं, आणि १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकपला त्यासाठी वेगळं इस्पितळ उभं राहिलं. हे गिलीज शिकले होते कान-नाक-घसा. त्यांच्यासाठी प्लास्टिक सर्जरीची पदवी अस्तित्वातच नव्हती. ती कशी असावी हे पुढे लोकांनी त्यांच्याकडे बघून ठरवलं. तेव्हा सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हा वाद सर्जनांच्या परिषदांमध्ये जेवणाआधी घालायला ठीक आहे. रोग्यानं त्यात पडू नये. रोग्यानं विचारायचं ते जमीन कुणाची असं नव्हे, पीक कुठलं असं. अपघातानं जबडा मोडला असेल आणि दात एकमेकांवर बसत नसतील, तर मॅक्सिलोफेशियलवाल्याला दातांची जी नजर असते ती इतरांना नसते. श्वासासाठी आतला पडदा सरळ करायचा असेल तर कान-नाक-घसा. दुभंगलेला ओठ आणि टाळू असलेलं बाळ असेल तर ते काम रोज करणारी तुकडी शोधावी, कारण ओठ तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला आणि टाळू साधारण वर्षाच्या आसपास शिवतात, नंतर बोलणं शिकवायला वेगळा माणूस लागतो आणि दातांना वेगळा. तिथे ‘ग्रहणात आईनं विळी हातात धरली होती’ या संशोधनात घरच्यांनी पहिले तीन महिने घालवू नयेत.

आणि गालाचा किंवा जबड्याचा कॅन्सर असेल तर जे होतं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण तज्ज्ञ म्हणजे काय हे तिथेच कळतं. एक तुकडी वरून जबडा काढत असते तेव्हा दुसरी तुकडी पायाशी बसून पिंढरीतलं बाहेरचं बारीक हाड काढत असते. अंगाचं वजन मुख्यतः आतल्या जाड हाडावर असतं, त्यामुळे हे गेलं तरी माणूस चालतो. ते सरळसोट हाड दोन-तीन ठिकाणी पाचरीसारखं कापून, वाकवून त्याचा जबडा करतात आणि टायटॅनियमच्या पट्टीनं पक्का करतात. मग त्याच्यासोबत आलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, केसापेक्षा बारीक धाग्यानं. दिवस निघून जातो. पायाचं हाड तोंडात येऊन बसतं. आपल्याकडे ‘तोंड वर करून बोलतो’ हे ऐकून माहीत आहे. इथे पाय वर करून बोलावं लागतं. मांडीची किंवा मनगटाची कातडी गालाच्या आत लावली आणि ती केसाळ असली, तर पुढे तोंडात केस उगवतात. हे ऐकून किळस येईल, पण हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला आणि न सांगणारा वाईट, इतकी सोपी परीक्षा दुसरी मिळायची नाही. रोगी घरी जाऊन आरशात तोंड उघडतो तेव्हा त्याला आपल्याला फसवलं असं वाटता कामा नये.

याच ठिकाणी माझ्या मते शोधाची खरी किल्ली आहे. एवढं सगळं जोडून झालं की पुढचे दोन-तीन दिवस त्या नव्या मांसाकडे सारखं बघावं लागतं: रंग गुलाबी आहे का, हाताला गरम लागतं का, सुई टोचली तर लाल रक्त येतं का. शिरेत गुठळी झाली तर ती ओळखून रोग्याला परत टेबलावर घ्यायला हातात मोजके तास असतात. चांगल्या केंद्रांतही शंभरातले दोन-चार असे बिघडतात, आणि वेळेत कळलं तर त्यातले काही वाचतात. म्हणजे रोग्याचं भवितव्य पाटीवर नाव असलेल्या मोठ्या सर्जनवर जितकं, तितकंच रात्री दोन वाजता खाटेशी जाऊन सुई टोचणाऱ्या परिचारिकेवर किंवा निवासी डॉक्टरवर अवलंबून असतं. तेव्हा ‘तुमच्या हाताला गुण आहे का’ हे विचारू नये. विचारावं, ‘रात्री दोन वाजता बघणार कोण?’ ज्याच्याकडे या प्रश्नाला नाव-गाव-पाळी यासकट उत्तर आहे, तो तज्ज्ञ. जो म्हणतो ‘त्याची गरज पडत नाही’, त्याला नमस्कार करून आल्या वाटेनं निघावं, चहा दिला तरी थांबू नये.

यावर पहिली हरकत ताऱ्यांच्या पक्षाकडून येते. हजार लोकांनी पाच तारे दिले ते काय खोटे? खोटे नसतीलही, घाईचे असतात. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्षभर लागतं. तारे पडतात दहाव्या दिवशी, पट्टी निघाल्याच्या आनंदात, तेव्हा नाक फुगलेलं असतं आणि आनंदही. त्यात स्वागतिकेचा गोड आवाज, पार्किंग आणि वातानुकूलन यांचे गुण मिसळलेले असतात. वर्षानंतर परत येऊन कुणी तारा बदलत नाही. खानावळीचं जेवण त्याच दिवशी पचतं म्हणून तिथे तारे चालतात. नाक पचायला वर्ष लागतं.

दुसरी हरकत अधिक जड आहे. व्रण, आकडे, बिघाड असं डॉक्टरला तोंडावर विचारणं उद्धटपणाचं नाही का? आपल्याकडे ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य देवासमोर म्हटल्यासारखं म्हणतात. पण हाच माणूस पैठणी घेताना काठ उलटा करून बघतो, रंग जाईल का विचारतो, आंबा देठाशी हुंगतो, देवगड म्हणून कर्नाटकचा तर देत नाही ना अशी शंका घेतो, आणि आंबेवालाही रागावत नाही, शपथ घेतो. डझनभर आंब्यांना जी चौकशी शोभते ती एका नाकाला शोभत नाही, हे तर्कशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही. शिवाय प्रत्यक्षात उलटं होतं. काम येणाऱ्याला असे प्रश्न आवडतात. त्याला आपले बिघाड आठवत असतात, कित्येकदा रोग्याच्या नावासकट. ज्याच्या हातून कधीच काही बिघडलं नाही, त्यानं एकतर फारसं कापलेलं नाही, नाहीतर फारसं सांगितलेलं नाही. तसाच ‘व्रण राहणारच नाही’ म्हणणारा. कातडी पूर्ण कापली की व्रण राहतो. चांगला सर्जन तो सुरकुतीत, भुवईच्या कडेला, कानामागे, केसांत लपवतो. ‘कुठे लपवाल?’ या प्रश्नाचं उत्तर देताना ज्याचं बोट आपोआप तुमच्या चेहऱ्यावरची योग्य घडी दाखवतं, त्याच्यासमोर बसावं.

तिसरी हरकत अशी, की रात्री द्रुतगती मार्गावर काच घुसून गाल फाटला तर माणूस हे प्रश्न विचारत बसेल का? नाही विचारणार, आणि विचारू नये. तेव्हा माणूस शोधायचा नसतो, जागा शोधायची असते: जिथे श्वास राखायला, रक्त द्यायला आणि भूल द्यायला रात्री कुणी जागं आहे ती. जीव वाचला, जखम धुऊन स्वच्छ बंद झाली, की चेहऱ्याचं बाकीचं काम थांबू शकतं. व्रण पिकायला सहा महिने ते वर्ष जातं आणि तो सुधारायचा तर त्यानंतर. तेवढ्यात सगळी चौकशी होते. गावचे सगळे लोक भेटायला येतात, प्रत्येक जण एक डॉक्टर सुचवून जातो, आणि त्यांची यादी ताडून बघायला वेळ भरपूर असतो.

एवढं सगळं वाचून वाचक म्हणेल, ते ठीक आहे, पण नाव सांगा. एक तरी नाव. हीच आपली रीत, आणि तिच्यावर माझा राग नाही. पण या कलेत ज्याचं काम लंडनपर्यंत पोचलं त्याच्या बाबतीत नावाचं काय झालं ते बघा. गाडीवानाचं नाव कावसजी हे पत्रात आहे. त्याचं चित्र काढणाऱ्याचं नाव जेम्स वेल्स हे आहे. शस्त्रक्रिया बघणाऱ्या मुंबई इलाख्यातल्या दोन गोऱ्या डॉक्टरांची नावं आहेत, आणि पत्र लिहिणाऱ्यानं सुद्धा दोन अक्षरं मागे ठेवली आहेत. ज्यानं नाक केलं त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं आहे: विटा करणाऱ्यांपैकी एक, पुण्याजवळचा.